बार्शी लाइट रेल्वे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज या पट्ट्यातल्या माणसांकडून बार्शी लाइटबद्दल काही प्रश्न हटकून येतात. कुणाचे आजोबा कंपनीत होते, कुणी लहानपणी वारीला त्या गाडीने गेलेलं असतं, तर कुणाला वाट्सअपवर आलेली माहिती खरी की खोटी ते बघायचं असतं. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, किचकट शेवटी. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बार्शी लाइट रेल्वे म्हणजे नेमकी कोणती?

कुर्डुवाडी ते बार्शी या साधारण २२ मैलांच्या फाट्यापासून सुरू झालेली नॅरोगेज रेल्वे. दोन रुळांमधलं अंतर (गेज) अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. गाडी १८९७ मध्ये धावू लागली. ही सरकारी रेल्वे नव्हती, लंडनमध्ये नोंदलेल्या एका खासगी कंपनीची होती. पुढे पूर्वेकडे ती लातूरपर्यंत गेली आणि पश्चिमेकडे पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत. सगळी मिळून लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. १ जानेवारी १९५४ रोजी ती केंद्र सरकारने ताब्यात घेतली. आज नॅरोगेज उरलेली नाही, पण बहुतेक ठिकाणी तिच्याच वाटेवरून ब्रॉडगेजच्या गाड्या जातात.

२. बार्शी एवढी मोठी बाजारपेठ, मग मुंबई–सोलापूर लाईन बार्शीवरून का नेली नाही?

कारण ती लाईन बार्शीसाठी नव्हतीच. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला, म्हणजे जीआयपीला, पुणे आणि सोलापूर करत रायचूरला पोचायचं होतं. तिथे मद्रासकडून येणारी लाईन मिळणार होती आणि १८७१ मध्ये ती मिळालीही. त्या सरळ वाटेपासून बार्शी ईशान्येला तीसपस्तीस किलोमीटर आत पडते. १८५९ मध्ये रूळ कुर्डुवाडीला आले आणि तसेच पुढे सोलापूरकडे गेले.

बार्शीचा कापूस, गळिताची धान्यं, ज्वारी, डाळी हे सगळं मग बैलगाड्यांनी स्टेशनपर्यंत यायचं. त्यासाठी सरकारने सडकही बांधली होती. पण मालाचा रेटाच एवढा होता की सडक पुरी पडेना. फाट्याची मागणी निघाली ती यातून.

३. जुन्या वेळापत्रकात ‘बार्शी रोड’ असं स्टेशन दिसतं. ते कुठे गेलं?

कुठेही गेलं नाही, तेच कुर्डुवाडी. रेल्वेच्या पद्धतीत ‘रोड’ म्हणजे त्या गावाला जायला जिथे उतरायचं ते स्टेशन. फाटा झाल्यावर बार्शीतल्या स्टेशनला ‘बार्शी टाऊन’ नाव मिळालं आणि ते अजून आहे. याच लाईनवर जत रोड, कळंब रोड, औसा रोड ही नावंही त्याच चालीची. त्यातल्या एखाद्या स्टेशनावर उतरून ‘गाव कुठंय?’ असं विचारणारे पाहुणे आजही भेटतात.

४. ही लाईन कोणी काढली?

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने. जन्म १८५७ चा, इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केलेला. १८८२ मध्ये तो जीआयपीत लोको इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला. मुख्य लाईनपासून दूर राहिलेल्या बाजारपेठांना हलक्या रेल्वेने जोडावं हा विचार त्याला इथेच सुचला आणि बार्शीची योजना त्याने १८८७ च्या सुमारास मांडली. मंजुरीला वर्षानुवर्षं लागली. १८९५ मध्ये सरकारशी करार झाला, तेव्हा त्याने लंडनमध्ये कंपनी काढली आणि स्वतः तिचा सल्लागार इंजिनियर झाला.

त्याला ‘बार्शीचा उद्धारक’ वगैरे करायची गरज नाही. भांडवल लंडनचं होतं आणि परतावा तिकडेच जायचा. पण इंजिनियर म्हणून माणूस अव्वल होता, आणि हे पुढच्या प्रश्नात दिसेल.

५. ‘लाइट’ म्हणजे हलकी. पण नेमकं काय हलकं होतं?

सगळ्यांत जास्त गैरसमज याच प्रश्नावर आहे, म्हणून जरा सविस्तर.

लोकांना वाटतं, छोटं इंजिन, छोटे डबे, थोडा माल, म्हणून लाइट. तसं नाही. हलका होता तो एका आसामुळे रुळावर पडणारा भार. रूळ किती जाड लागणार, खालचे स्लीपर किती, पूल किती भक्कम हे सगळं गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. दोन चाकं जोडणारा एक आस रुळावर किती टन टेकवतो, त्यावर ठरतं. बार्शीसाठी कॅलथ्रॉपने ही मर्यादा ५ टन धरली आणि रूळ घेतले एक यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे. मुख्य लाईनचे रूळ तेव्हा याच्या दुपटीहून जड असायचे.

खरी मेख पुढे आहे. साधारण रेल्वेत इंजिनाचे आस जड असतात आणि वाघिणींचे, म्हणजे मालडब्यांचे, हलके. रूळ मात्र इंजिनाच्या हिशेबानेच टाकावे लागतात. म्हणजे गाडीतले दोनचार आस सोडले, तर बाकीच्यांसाठी तेवढ्या जाड रुळाची गरजच नसते आणि त्यावरचा पैसा फुकट जातो. कॅलथ्रॉपने उलटं केलं. इंजिन असो की भरलेली वाघीण, प्रत्येक आसाने ५ टनांपर्यंतच टेकायचं, पण शक्यतो पुरते ५ टन टेकायचे. इंजिनाचं वजन वाढवायचं तर आस वाढवायचे. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीकडून जी इंजिनं आली त्यांना गाडी ओढायला जोर लावणारे आसच चार होते आणि मागे आणखी दोन आसांची बोगी, म्हणजे चाकांचा छोटा गाडा. चार आसांचे मिळून वीस टन रूळ धरायला मिळाले, तरी एकाही जागी पाचाच्या वर भार नाही.

वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे आणि ठरावीक मापाचे केले. वाघिणीचं स्वतःचं वजन घटलं की तेवढा माल जास्त बसतो. बारीक रुळावरून भरपूर माल, हा त्याचा सगळा हिशेब. स्वस्तात काम उरकण्याचा हा प्रकार नव्हता. पुढे कितीतरी ठिकाणच्या अडीच फुटी रेल्वेवाल्यांनी बार्शीचा नमुना समोर ठेवला, तो यासाठीच.

६. या गाड्या आधी इंग्लंडमध्ये चालवून बघितल्या होत्या, हे खरं आहे का?

खरं आहे. इंजिन आणि डबे बोटीवर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून १८९६ मध्ये प्रात्यक्षिक केलं गेलं. चढ आणि वळणं मुद्दाम अवघड ठेवली होती. इंजिनियर मंडळींना बोलावून पाच टनी मर्यादेत किती माल ओढता येतो ते दाखवलं. बार्शीकरांनी आपली गाडी पाहण्याआधी ती लीड्सकरांनी पाहिली होती म्हणायची.

७. नॅरोगेजच का? मीटरगेज चालली नसती का?

चालली असती, पण खर्च वाढला असता. रुंदी कमी असली की वळण आखूड घेता येतं. मग टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो, भराव कमी, जमीन कमी. त्याहून अरुंद, म्हणजे दोन फुटी लाईन आणखी स्वस्त पडली असती, पण तिच्यावर रुंद आणि भरघोस वाघीण डगमगते. अडीच फूट हा मधला तोल होता. अर्थात कमी रुंदीची किंमत दुसरीकडे मोजावी लागलीच. ती प्रश्न ९ मध्ये.

८. माथेरानची गाडी आणि बार्शी लाइट एकाच मापाची ना?

नाही. नेरळ–माथेरान दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरची, आणि सुरू झाली १९०७ मध्ये. दोन्हींना बोलताना नॅरोगेजच म्हणतात, पण एकीचं इंजिन दुसरीच्या रुळावर बसणार नाही. दोघींचा संबंध वेगळ्याच कारणाने आला, तो प्रश्न १८ मध्ये.

९. कुर्डुवाडीला सगळा माल उतरवून पुन्हा चढवावा लागायचा का?

हो. दोन गेज जिथे भेटतात तिथे वाघीण पुढे जात नाही, फक्त माल जातो. एका बाजूला बार्शीकडून आलेली अरुंद वाघीण, दुसऱ्या बाजूला मुंबईकडे निघालेली रुंद वाघीण आणि मध्ये हमाल. कापसाच्या गाठी, शेंगदाण्याची पोती, ज्वारी, एकेक डाग पाठीवरून इकडून तिकडे. पोत्याला हूक लागला की धान्य सांडायचं, पावसात माल भिजायचा, डाग मोजताना चूक व्हायची आणि मग भरपाईची पत्रापत्री सुरू व्हायची. वेळ जायचा तो निराळाच. बार्शीहून निघालेला माल वीसबावीस मैलांतच एकदा हाताळला जायचा, आणि व्यापाऱ्याच्या लेखी ‘हाताळणी’ म्हणजे घट.

नॅरोगेजची ही मूळ अडचण कॅलथ्रॉपला ठाऊक होती. इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या लाईनवर त्याने तोडगा काढला. तिथे अख्खी मोठी वाघीण नॅरोगेजच्या सखल गाड्यावर चढवून पुढे न्यायचे. कुर्डुवाडीत मात्र माल हमालांच्या पाठीवरूनच जात राहिला.

याची दुसरी बाजूही आहे. कुर्डुवाडी वाढली ती या गेजबदलामुळेच. हमाली, गोदामं, कारखाना, रेल्वे क्वार्टर, चहाची दुकानं. थेट लाईन असती तर गाड्या शिट्टी मारून निघून गेल्या असत्या.

१०. पुढचे टप्पे कधी झाले?

१८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूर. पूर्वेकडे बार्शीच्या पुढे येडशीजवळ बालाघाटाचा चढ चढून १९११ मध्ये लातूर. आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ, आरग करत मिरज. कॅलथ्रॉप त्याच वर्षी वारला.

११. लातूर तर निजामाच्या राज्यात होतं. मग ही निजामाची रेल्वे होती का?

नव्हती. निजामाची रेल्वे वेगळी. बार्शी तालुका मुंबई इलाख्यात, सोलापूर जिल्ह्यात होता. लातूर आणि धाराशिव हैदराबाद संस्थानात. लाईन इंग्रजी मुलखातून निघून संस्थानी मुलखात शिरायची, पण दोन्हीकडे चालवणारी कंपनी एकच.

व्यापाराच्या नजरेतून बघितलं तर ही गोष्ट फार मोठी आहे. लातूरचा माल राजकीयदृष्ट्या हैदराबादचा, पण रुळांनी तो जोडला गेला कुर्डुवाडीला आणि तिथून मुंबईला. संस्थानाची करोडगिरी, म्हणजे जकात, आडवी होतीच, तरी आडत्यांचे हिशेब मुंबईच्या भावावर चालायला लागले. लातूरच्या बाजाराची भरभराट फक्त रेल्वेने झाली असं कुणी म्हणू नये, पण रेल्वे वजा केली तर ती समजत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि ही हद्दच उरली नाही.

१२. आषाढीला एवढी गर्दी ही छोटी गाडी कशी झेपवायची?

झेपवायची नाही, कशीबशी भागवायची. १९०६ नंतर मुंबई, पुणे, सोलापूर कुठूनही आलेला वारकरी कुर्डुवाडीला उतरून नॅरोगेज पकडायचा आणि उरलेले पन्नासेक किलोमीटर तिने जायचा. एरवीच्या प्रवासी डब्यांत एवढी माणसं मावणं शक्यच नव्हतं. म्हणून यात्रेत मालाच्या वाघिणी धुऊन त्यांत माणसं बसवायचे. ही रीत त्या काळी देशभरच्या यात्रांत होती आणि तिच्यावर टीकाही होत होती.

पायी वारी यामुळे बंद पडली का, असंही विचारतात. नाही. जाताना पायी आणि परतताना रेल्वेने, अशी सोय अनेकांनी लावून घेतली, ती आजही आहे.

१३. शकुंतला रेल्वे आणि बार्शी लाइट यांचा संबंध काय?

गेज एकच, अडीच फूट. बाकी काही नाही. शकुंतला विदर्भातली. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला. ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालची. स्वातंत्र्यानंतर तिच्या रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि गाडी मात्र मध्य रेल्वे चालवायची. बार्शी लाइट सरकारने रीतसर घेऊन टाकली. ‘भारतातली शेवटची खासगी रेल्वे बार्शीची’ असा जो मजकूर फिरतो, तो शकुंतलेचा आहे.

१४. सरकारने रेल्वे घेतली तेव्हा कंपनीच्या नोकरांचं काय झालं?

याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकांत सापडतं, आणि गंमत म्हणजे कामगार कायदा शिकणाऱ्या मुलांना बार्शीचं नाव माहीत असतं, रेल्वेप्रेमींना हा खटला माहीत नसतो.

१८९५ च्या करारातच सरकारला रेल्वे विकत घेण्याचा हक्क होता. त्याप्रमाणे डिसेंबर १९५२ मध्ये नोटीस निघाली. नोव्हेंबर १९५३ मध्ये कंपनीने नोकरांना कळवलं की ३१ डिसेंबर १९५३ च्या दुपारनंतर तुमची नोकरी संपते. दुसऱ्या दिवसापासून रेल्वे सरकारची, आणि बहुतेकांना सरकार कामावर घेणार होतं. बहुतेकांना घेतलंही.

पण नेमकं २४ ऑक्टोबर १९५३ पासून औद्योगिक विवाद कायद्यात नवं प्रकरण लागू झालं होतं. त्यातल्या कलम २५-एफप्रमाणे कामगारकपात केली तर आधी सूचना द्यायची आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. संघटनेने तो मागितला. कंपनीचं म्हणणं असं की ही कपात नव्हे, धंदाच दुसऱ्याकडे गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, ‘बार्शी लाइट रेल्वे कंपनी विरुद्ध के. एन. जोगळेकर’. २७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल लागला, तो दुसऱ्या एका अपिलाबरोबर एकत्र. न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. चालू उद्योगात जादा झालेली माणसं काढणं म्हणजे कपात, उद्योगच बंद झाला किंवा हातबदल झाला तर कपात नाही, असा अर्थ लावला.

निकालाने कामगारवर्गात खळबळ उडाली आणि १९५७ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मालक बदलला किंवा उद्योग बंद पडला तरी भरपाई मिळावी म्हणून कलम २५-एफएफ नव्याने लिहिलं आणि २५-एफएफएफ घातलं. ही दुरुस्ती लागू धरली २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. पुढे देशभरातल्या कामगारांना तिचा आधार मिळाला. ज्यांच्या खटल्यामुळे ती झाली, त्या बार्शी लाइटच्या नोकरांची तारीख मात्र तिच्या आधीची होती.

१५. आजोबा बार्शी लाइटमध्ये होते, पण त्यांच्या कागदांवर कधी मध्य रेल्वे, कधी दक्षिण मध्य रेल्वे आहे. चूक आहे का?

बहुधा चूक नाही. ३१ डिसेंबर १९५३ पर्यंत मालक कंपनी. १ जानेवारी १९५४ पासून मध्य रेल्वे. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्याकडे गेला आणि १९७७ मध्ये परत मध्य रेल्वेत आला. त्यामुळे एकाच माणसाच्या नोकरीत तीन नावं येऊ शकतात, त्यातलं मधलं नाव पुन्हा शेवटीही येतं. कागद शोधताना आधी तारीख बघा, मग कोणत्या कार्यालयात विचारायचं ते ठरवा. कंपनीच्या काळातली नोकरी आणि सरकारी नोकरी कायद्याने दोन वेगळ्या नोकऱ्या होत्या. का, ते वर प्रश्न १४ मध्ये आलंच.

१६. ब्रॉडगेज कधी झाली? नवी लाईन जुन्याच वाटेने जाते का?

टप्प्याटप्प्याने झाली. कुर्डुवाडी–पंढरपूर नव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, लातूर ते कुर्डुवाडी २००७–०८ मध्ये आणि पंढरपूर–मिरज सगळ्यांत शेवटी, २०१०–११ च्या सुमारास. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं साल वाचायला मिळतं. एक म्हणजे टप्पे अनेक होते. शिवाय जुनी गाडी बंद होणं, रूळ पुरे होणं आणि प्रवासी गाडी सुरू होणं या तीन वेगळ्या तारखा असतात.

वाट बऱ्याच अंशी जुनी आहे, पण एक मोठा बदल झाला. नॅरोगेज धाराशिव शहराला बाजूला टाकून येडशीवरून सरळ जायची. जिल्ह्याचं ठिकाण आणि स्टेशन नाही, ही तिथली जुनी तक्रार. रुंदीकरणात लाईन वळवून शहराजवळ नेली. स्टेशनचं नाव आधी उस्मानाबाद होतं, २०२५ मध्ये ते धाराशिव झालं. दुसरा बदल लातूरचा. नॅरोगेज तिथे संपायची. आता ब्रॉडगेज पुढे लातूर रोडला जोडलेली आहे, म्हणून लातूर हे शेवटचं स्टेशन राहिलेलं नाही.

१७. मिरजेला खरंच तीन गेज होते?

होते. पुण्याकडून मिरजेला येणारी जुनी लाईन मीटरगेज होती, ती १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. बेळगावकडची मीटरगेज पुढे बरीच वर्षं टिकली आणि पंढरपूरची नॅरोगेज होतीच. त्या काळात एकाच जंक्शनात तिन्ही मापांचे रूळ बघायला मिळायचे. मिरजेच्या स्टेशनमास्तराला विचारायचं ते ‘गाडी कुठल्या फलाटावर?’ इतकंच नाही, ‘कुठल्या गेजला?’ हेसुद्धा.

१८. जुन्या बार्शी लाइटमधलं आज काय बघायला मिळतं?

कुर्डुवाडीचा कारखाना. नॅरोगेजच्या डब्यांची आणि वाघिणींची दुरुस्ती करणारा हा कारखाना लाईन गेल्यावरही राहिला आणि माथेरानच्या गाडीच्या डब्यांचं काम तिथे होत आलं. प्रश्न ८ मध्ये म्हटलेला संबंध हाच. बार्शीची दोन पिढ्यांची नॅरोगेजची कारागिरी अशी दोन फुटी गाडीच्या कामी आली.

बाकी शोधाल तर शेतांतून जाणारा बुटका, अरुंद भराव आणि दगडी मोऱ्या दिसतात, मुख्यतः जिथे नवी लाईन बाजूने काढली तिथे. भरावाचा माथा पाहिला की ओळखू येतं. ब्रॉडगेजला तो फारच चिंचोळा पडतो. काही जागी शेतकऱ्यांनी त्याचा बांध केलाय, काही जागी गाडीवाट. ती जागा रेल्वेची असू शकते, तेव्हा दगड उचलून आणू नका.

१९. २०१६ ची लातूरची पाण्याची रेल्वे याच लाईनवरून आली होती का?

हो, आणि ती बहुतांशी या लाईनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मिरजेत भरून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला पहाटे लातूरला पोचली. १० वाघिणी, प्रत्येकीत साधारण ५०,००० लिटर, मिळून ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला २५ लाख लिटर. या टँकर वाघिणींतून आधी तेल वाहत असत, म्हणून त्या राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन मगच पाठवल्या होत्या.

नॅरोगेज असती तर हे जमलं असतं का, असं एका वाचकाने विचारलं होतं. हिशेब करून बघा. एका वाघिणीत ५० टन पाणी आणि आस चार. म्हणजे नुसत्या पाण्याचेच आसाला साडेबारा टन, वाघिणीचं वजन वेगळं. बार्शी लाइटची मर्यादा पाचाची (प्रश्न ५). तेच पाणी छोट्या वाघिणींतून गेलं असतं, पण खेपा इतक्या लागल्या असत्या की लातूरच्या नळाला त्याचा काही अर्थ उरला नसता. रुंदीकरणाला उशीर झाला ही तक्रार खरी आहे, पण आणखी सहा वर्षं लांबलं असतं तर २०१६ चा उन्हाळा कठीण गेला असता.

२०. कॅलथ्रॉपने पॅराशूटही बनवलं होतं म्हणतात. तोच का हा?

तोच. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला, जुलै १९१० मध्ये विमान कोसळून गेला. त्यानंतर कॅलथ्रॉप विमानातून उडी मारता येईल अशा छत्रीच्या मागे लागला आणि त्याने ‘गार्डियन एंजल’ तयार केलं. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ते वापरलं गेलं, पण ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध चालू असताना ते सरसकट मिळालं नाही. घोड्यांचाही त्याला नाद होता, अरबी घोडे पाळायचा.

लीक अँड मॅनिफोल्ड (प्रश्न ९) १९०४ मध्ये सुरू झाली ती बार्शीच्याच अनुभवावर, अडीच फुटी मापाची, आणि तिचं एक इंजिन त्याच्याच नावाचं होतं. ती १९३४ मध्ये बंद पडली, आज तिच्या जागी पायवाट आहे. बार्शीच्या जागी मात्र गाडी आहे.

२१. स्थापना १८९५ ची की १८९७ ची? आणि लांबी २१ मैल, साडेएकवीस की २२?

करार आणि कंपनी १८९५, वाहतूक १८९७. कंपनीचा इतिहास लिहायचा तर पहिलं साल घ्या, रेल्वेचा लिहायचा तर दुसरं. गावात शताब्दी धरायची असेल तर १९९७ मध्ये ती होऊन गेली.

लांबीचं म्हणाल तर तिन्ही आकडे छापलेले सापडतात. कुणी सडकेचं अंतर धरलं, कुणी रुळाचं, कुणी पूर्णांकात लिहिलं. ब्रॉडगेज झाल्यावर आखणीत फरक पडला, त्यामुळे आजच्या तिकिटावरचे किलोमीटर घेऊन जुने मैल तपासायला जाऊ नका. जुळणार नाहीत.